पिशवी काढण्याआधीच्या पायऱ्या

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तपासणी ज्यात होते ते प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले, त्याआधी २००५ ची जननी सुरक्षा योजना आली होती आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमही. या योजनांमुळे घरी होणारी बाळंतपणे दवाखान्यात आली, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे काही कारण नाही. परंतु जी स्त्री गरोदर नाही, जिची बाळंतपणे आटोपली आहेत, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली आहे आणि जिच्या अंगावरून वर्षभर महिन्यातले दहा-बारा दिवस जात आहे, तिच्यासाठी सरकारी दिनदर्शिकेत एकही तारीख राखून ठेवलेली नाही. मराठवाड्यातील गर्भाशय, म्हणजे बोलीतली ‘पिशवी’, काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, ती या उणिवेपासून सुरू व्हायला हवी असे मला वाटते.

चर्चेला तोंड फुटले ते बीड जिल्ह्यामुळे. २०१९ साली वृत्तपत्रांतून हा विषय गाजल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे सर्वेक्षण झाले. त्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताना थोडी सावधगिरी हवी, कारण राष्ट्रीय आकड्यात शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीही मोजलेल्या असतात आणि बीडच्या सर्वेक्षणात मुख्यतः संसारी, कष्टकरी स्त्रिया होत्या. तेवढी सूट दिली तरी उरणारी तफावत डोळेझाक करण्याजोगी नाही.

या तफावतीची दोन स्पष्टीकरणे तेव्हापासून रूढ झाली. पहिले मुकादमाचे आणि उचलीचे. ऊसतोडीचा करार नवराबायकोच्या जोडीशी म्हणजे एका कोयत्याशी होतो, उचल हंगामाआधीच घेतलेली आणि बहुधा खर्चूनही झालेली असते, आणि पाळीच्या त्रासाने बाई फडात उतरली नाही तर खाडा धरून पैसे कापले जातात. तेव्हा पाळीच नको, या हिशोबाने पिशवी काढली जाते. दुसरे स्पष्टीकरण खासगी डॉक्टरांच्या नफेखोरीचे. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्हींमध्ये एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती अशी की बाई मुळात निरोगी होती आणि तिचा धडधाकट अवयव कुणीतरी काढून घेतला. वस्तुस्थिती बहुतेक वेळा याहून अवघड असते. बाई खरोखरच आजारी असते. तिचा आजार मात्र साधा, नित्याचा आणि पुष्कळदा गोळ्यांनी आवरणारा असतो, आणि त्या साध्या उपचारापर्यंत पोहोचण्याची वाटच तिला कुणी दाखवलेली नसते.

ग्रामीण स्त्रियांच्या अशा आजारांचा अंदाज आपल्याला नव्याने आलेला नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास आपल्याच राज्यातला, त्याची दखल जगाने घेतली, आणि तरीही आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील स्त्रीरोगाचा विभाग म्हणजे व्यवहारात प्रसूतीची खोली एवढाच राहिला.

मराठवाड्यात या दुर्लक्षाला आणखी एक पदर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के निघाले. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिले मूल आणि पंचविशीच्या आतबाहेर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, हा इथला सर्रास दिसणारा क्रम आहे. त्यानंतर पाळी थांबेपर्यंत पुढची वीस वर्षे तिचे गर्भाशय, तिची अंडाशये आणि तिची संप्रेरके चालूच असतात; आरोग्य खात्याचा त्यांच्याशी असलेला संबंध मात्र टाके काढले त्या दिवशी संपलेला असतो. घरातही ‘आता पिशवीचं काय काम उरलंय’ असेच बोलले जाते. डॉक्टर काढून टाका म्हणाला तर विरोध करावा असे कुणाला वाटत नाही, कारण निकाल घरातच आधी लागलेला असतो.

आता प्रत्यक्ष तक्रारी पाहू. अंगावरून पांढरे जाणे, अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात आणि कंबरेत दुखणे, अंग बाहेर येणे, या चार तक्रारींत बहुतेक सगळे येते. यांपैकी पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा योनिमार्गाचा किंवा गर्भाशयमुखाचा जंतुसंसर्ग हे असते. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे, पाळीचे कापड पाचटाच्या आडोशाला कुठेतरी वाळत घालायचे, अशा चार-पाच महिन्यांत तो झाला नाही तरच नवल. त्यावर औषधे आहेत, ती महाग नाहीत, आणि काही प्रकारच्या संसर्गात नवऱ्यालाही तीच घ्यावी लागतात. (नवरे ती घेत नाहीत, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) योनिमार्गाचा संसर्ग आणि ओझ्याने धरलेली कंबर यांवर गर्भाशय काढणे हा उपायच नव्हे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर शस्त्रक्रियेनंतरही तशीच दुखत राहते.

जास्त रक्तस्रावाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि शस्त्रक्रियांचे सर्वाधिक प्रमाण त्याच तक्रारीपोटी आहे. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ साली या रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट ठरवून दिले. त्यांतल्या चार गटांत गर्भाशयात काहीतरी दिसण्यासारखे असते : मस्सा, अस्तर स्नायूत शिरणे, फायब्रॉइडच्या गाठी किंवा कर्करोग आणि त्याआधीची अवस्था. उरलेल्या पाच गटांत सोनोग्राफीत गाठ सापडेलच असे नाही. कुणाचे रक्त नीट गोठत नाही, कुणाला बीजनिर्मिती अनियमित झाल्याने महिनोन्‌महिने पाळी येत नाही आणि मग आली की थांबत नाही, कुणाला तांबी मानवलेली नसते. थायरॉइडचा स्राव कमी पडणे हेही जास्त रक्तस्रावाचे एक साधे कारण आहे, आणि ते रक्ताच्या एका चाचणीत कळते. फायब्रॉइडच्या गाठी तर बहुतांशी निरुपद्रवी असतात, कित्येकींना आपल्याला गाठ आहे हे आयुष्यभर कळतही नाही, आणि पाळी गेल्यावर त्या आपोआप आकसतात.

म्हणजे रक्तस्राव ही खूण आहे आणि तिच्यामागचा रोग शोधावा लागतो. शोधण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : नीट विचारपूस, योनिमार्गाची तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉइडची चाचणी, गरजेप्रमाणे सोनोग्राफी, चाळिशीच्या पुढे किंवा शंका असेल तर अस्तराचा तुकडा तपासणे. उपचारांच्या पायऱ्याही तशाच आहेत. ट्रानेक्झॅमिक ॲसिडसारखी स्वस्त गोळी पाळीच्या दिवसांत घेतली तर पुष्कळ जणींचा स्राव निभावण्याइतका कमी होतो. लोह भरून काढावे लागते. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचे आणि तिथल्या तिथे संप्रेरक सोडणारे साधन आहे, जे काही वर्षे काम करते आणि स्राव मोठ्या प्रमाणात घटवते. ते बाजारात काही हजारांना मिळते आणि म्हणूनच फडातल्या बाईपर्यंत पोहोचत नाही. शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी आहे. ती चुकीची आहे असे मी म्हणत नाही : कर्करोगात, फार मोठ्या गाठींत, अंग पूर्ण बाहेर आले असता, किंवा बाकीचे उपाय करून थकल्यावर गर्भाशय काढणे हा योग्य निर्णय असतो आणि त्याने स्त्रीचे जिणे सुसह्य होते. माझी तक्रार अशी की शेवटची पायरी तालुक्याच्या गावी सहज उपलब्ध आहे आणि आधीच्या सगळ्या गायब आहेत.

केज तालुक्यातील एका वस्तीवर तिशी नुकतीच ओलांडलेल्या एका बाईने तिची कागदपत्रे मला दाखवली होती. कापड दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचा एक कागद, औषध दुकानाच्या तीन पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड होते. सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाशय थोडे मोठे असल्याची एक ओळ होती. तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय थोडे मोठे असणे हा काही रोग नव्हे. हिमोग्लोबिनखेरीज रक्ताच्या कुठल्या चाचणीचा कागद नव्हता, आणि काढलेले गर्भाशय पॅथॉलॉजीकडे पाठवल्याचा अहवालही नव्हता. अंडाशये ठेवली की काढली, याचा उल्लेख कार्डावर नव्हता आणि तिलाही ते ठाऊक नव्हते. “डाक्टर म्हन्ले पिशवी खराब झालीय, ठिवली तर क्यान्सर व्हईल. मंग काय करावं ताई? लेकरं बारकी हायेत,” असे ती म्हणाली.

कर्करोगाची ही भीती हेच या सगळ्या व्यवहाराचे चलनी नाणे आहे, आणि त्यातला विरोधाभास मराठवाड्याने तरी विसरू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जगाला जे कळले, त्यातला एक मोठा वाटा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या स्त्रियांमुळे कळला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने या जिल्ह्यातील गावांच्या ५२ समूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर १९९९ पासून अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली आणि दोष आढळलेल्यांवर वेळीच उपचार केले, तर पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे वाढलेल्या अवस्थेतील रुग्ण आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यात दिसले. ज्या गटाची चाचणी केली नाही त्यातील स्त्रियांबद्दल नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर आहेत. या स्त्रियांनी जगाला ज्ञान दिले, तेव्हा त्याचा पहिला लाभ त्यांच्याच लेकीसुनांना मिळायला हवा होता. प्रत्यक्षात पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३० ते ४९ वयातील देशातल्या केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी कधीतरी झालेली आढळली. सरकारी कार्यक्रमात आजही मुख्य भर आहे तो ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीवर. या पद्धतीने मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मृती रुग्णालयाच्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले खरे, पण तिथे ती दर दोन वर्षांनी पुन:पुन्हा, प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून केली गेली होती. धाराशिवमध्ये एकदाच केली तेव्हा तिचा ठोस फायदा दिसला नव्हता. शेजारच्या जिल्ह्यात कर्करोगाला एका चाचणीने रोखता येते हे सिद्ध झालेले असताना बीडच्या बाईला त्याच कर्करोगाच्या नावाने संपूर्ण अवयव द्यावा लागतो, याचा अर्थ आपण आपल्याच भूमीतला पुरावा वापरलेला नाही.

शहरी, शिकलेल्या कुटुंबांना वाटेल की हा ऊसतोडवाल्यांचा प्रश्न आहे. तसे नाही. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे शिकवणीसाठी वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींची पाळी पुढेमागे झाली की आई सोनोग्राफी करून आणते, अंडाशयात बारीक गाठी दिसतात आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीच्या नावापुढे ‘पीसीओडी’ लागते. पाळी सुरू झाल्यापासूनची पहिली काही वर्षे अंडाशये अशी दिसणे स्वाभाविक असते; म्हणूनच २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की किशोरवयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. मोठ्या वयातही अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि अंडाशयांचे स्वरूप या तिन्हींपैकी दोन बाबी जुळाव्या लागतात आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणे आधी वगळावी लागतात. ज्यांना खरोखर हा विकार आहे त्यांना पुढे मधुमेहाचा धोका असतो, तेव्हा त्यांची साखर वेळोवेळी पाहायला हवी. ते सहसा कुणी सांगत नाही. सांगतात ते ‘पुढे मूल होणार नाही’ एवढेच, आणि तेही सरसकट खरे नाही.

फडातली बाई आणि वसतिगृहातली मुलगी यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, चूक मात्र एकाच जातीची आहे : विचारपूस आणि हाताने तपासणी मागे पडून यंत्राचा कागद पुढे आला. या यंत्राचा बीडमधला पूर्वेतिहासही फारसा चांगला नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. पण तेव्हा एक गोष्ट कळली. प्रशासनाने मनावर घेतले की सोनोग्राफी केंद्रे सील होतात आणि गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे गर्भलिंगनिदानाच्या बंदीसाठीचा एफ फॉर्म भरला जातो. नोंद ठेवायला लावणे अशक्य नाही.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की बायका स्वतःच येऊन पिशवी काढा म्हणतात, डॉक्टर काय करणार. तसे होतेही. पण ज्या बाईपुढे खाडा, कर्करोगाची भीती आणि दुखणे एवढेच पर्याय ठेवलेले आहेत, तिच्या मागणीला संमती म्हणता येते का, हे डॉक्टरांनी स्वतःला विचारावे. गोळीने भागते आणि पुढच्या हंगामालाही जाता येते हे तिला ठाऊक असते, तर तिने काय निवडले असते?

सरकारने मार्ग निवडला तो परवानगीचा. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि बिहार, छत्तीसगड, राजस्थानमधील प्रकरणांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. हे सगळे आवश्यक होते. पण परवानगीने फक्त दार बंद होते. रक्तस्राव चालू असलेली बाई बंद दारापुढे किती दिवस बसेल? ती शेजारच्या जिल्ह्यात जाईल, किंवा कर्नाटकात कारखान्याला गेल्यावर तिथे करून घेईल, किंवा सहन करत पांढरीफटक होईल. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे.

म्हणून दुसरे दार उघडावे लागेल. मे ते सप्टेंबर या काळात ऊसतोडीची कुटुंबे गावी असतात. या पाच महिन्यांत प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. बाजाराचा दिवस अशासाठी की त्या दिवशी बाई तालुक्याला येतेच, तिला वेगळी मजुरी बुडवावी लागत नाही आणि घरी कारण सांगावे लागत नाही. तिथे डॉक्टर बाई असावी, पडदा असावा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, एचपीव्ही या चाचण्या व्हाव्यात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागासाठीच उभे राहिले. तिथल्या, तसेच लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आळीपाळीने तालुक्याला पाठवता येईल. आशाताईंच्या तिशीपुढच्यांसाठीच्या तपासणी फॉर्मवर संभोगानंतरच्या रक्तस्रावाचे, वास येणाऱ्या पांढऱ्या पाण्याचे प्रश्न आधीपासून छापलेले आहेत; उत्तर ‘होय’ आले तर कुठे पाठवायचे, एवढेच त्यांना सांगायचे आहे. संप्रेरक सोडणारे साधन सरकारी पुरवठ्यात यावे. खर्चाचा प्रश्न निघेल, तर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे आणि उसाच्या प्रत्येक टनात या बायकांचे श्रम आहेत. कारखान्यांनी त्यात वाटा उचलावा यात उपकाराचा प्रश्न येत नाही. आणि ज्यांची शस्त्रक्रिया होईलच, त्यांच्या प्रत्येक प्रकरणात पॅथॉलॉजीचा अहवाल आणि अंडाशयांबद्दलची नोंद मराठीत लिहून बाईच्या हाती द्यावी. तो अहवाल जोडल्याशिवाय रुग्णालयाची नोंद पूर्ण धरू नये.

राहिल्या त्या ज्यांची पिशवी आधीच गेली आहे. अंडाशये काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका रात्रीत सुरू होतात. अंडाशये ठेवली तरी ती नेहमीपेक्षा लवकर थकण्याची शक्यता असते. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या बाईची हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि पंचेचाळिशीच्या आत अंडाशये काढलेल्यांना पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देण्याचा विचार करावा असे वैद्यकशास्त्र सांगते. २०१९ च्या सर्वेक्षणातल्या १३,८६१ जणींना ही गोष्ट कुणी सांगितली आहे असे दिसत नाही, आणि त्यांतल्या अनेक जणी अजूनही मोळ्या उचलत आहेत. हे सर्वेक्षण आरोग्य यंत्रणेनेच केले होते. त्याच्या नोंदी काढून या स्त्रियांना तालुकावार तपासणीला बोलावण्यासाठी नवी समिती नेमावी लागणार नाही.